ओळीची पहिली दोन अक्षरं

दुकानाच्या बंद दारावर पाटी लटकत होती : ‘जेवायला गेलो आहे. अर्ध्या तासात येतो.’ आणि त्या पाटीच्या बरोबर खाली, पायरीवर, एक तरुण मांडीवर डबा उघडून निवांत जेवत बसला होता.

भिंगरी छत्री मिटायची विसरून त्याच्याकडे बघत राहिली. भुरभुर पाऊस होता, रस्ता ओला, गटारं वाहती. तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं, आणि ते कोरडं ठेवण्याच्या नादात ती स्वतः अर्धी भिजली होती.

“दुकानदार कुठे गेलेत हो?”

“जेवायला.”

“कधी येतील?”

त्याने घड्याळात पाहिलं. “बारा मिनिटांनी.”

“तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात का?”

“नाही. मीच तो.”

“मग उघडा की दुकान!”

“बारा मिनिटांनी,” तो घास चावत म्हणाला. “बसा. ही बाजू कोरडी आहे.” आणि तो खरंच सरकला. स्वतः पागोळीखाली गेला, आणि पुढची आठ मिनिटं त्याच्या उजव्या गुडघ्यावर टपटप पाणी पडत राहिलं.

भिंगरी बसली. दुसरी कुणी असती तर तणतणत निघून गेली असती; पण गावात दुसरा दुरुस्तीवाला नव्हता. शिवाय कोरडी जागा मिळाल्याबद्दल तिने त्याचे आभारही मानले. आभार मानण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पोस्टमनचे मानी, जिना झाडणाऱ्या मावशींचे मानी, चुकून धक्का मारून ‘सॉरी’ म्हणणाऱ्याचेही मानी.

त्याने गाठोड्याकडे नजर टाकली. “किती महिन्यांचं?”

“दोन.”

“काय होतंय त्याला?”

“अक्षरं गाळतंय.”

त्याला जोराचा ठसका लागला. हसू आणि घास एकाच वेळी आले की दुसरं काय होणार! भिंगरीने त्याच्या डब्याचं झाकण, पाण्याची बाटली, सगळं सांभाळलं आणि टॉवेल उलगडून दाखवला. आत मोडेम होता. पुस्तकाएवढी करडी डबी, समोर चार तांबडे दिवे. एक तार फोनला, एक कॉम्प्युटरला. पलीकडच्या गावातून कुणी मजकूर सोडला की फोनमधून शिट्ट्या येतात आणि या डबीतून त्यांची अक्षरं होतात.

“आणि ती सगळी पोहोचत नाहीत,” भिंगरी म्हणाली. “मध्येच भलतीच चिन्हं येतात. मध्येच अक्षरं गायब. हे लवकर बरं झालं पाहिजे हो… माझं फार अडलंय.”

त्याने डबा बंद केला, घड्याळ न बघता उठला आणि दार उघडलं. अजून चार मिनिटं बाकी होती.

तिचं अडलं होतं ते असं.

भिंगरी हे बाबांनी ठेवलेलं नाव. लहानपणी ती म्हणे एका जागी दोन मिनिटं ठरत नसे. आता तिला एकाच खुर्चीत दिवसभर बसायचं काम मिळालं होतं, आणि ते टिकावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. बाबा गणिताचे मास्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या अंगातली शक्ती गेली. हात सुधारला, पाय ओढतच राहिला. आई केव्हाच गेलेली. भिंगरी छापखान्यात आठ तास काम करायची आणि बाबा दुसऱ्या मजल्यावर एकटे. एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा बाबा न्हाणीघराच्या दारात जमिनीवर बसले होते. दुपारपासून. “वारा छान येतो इथे,” म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी तिने राजीनामा दिला. छापखान्याच्या बाईंनी तो न वाचता ड्रॉवरमध्ये टाकला. “घरी बसून करशील? नवीन यंत्र घेतलंय. फोनवरून मजकूर येतो, तो नीट करून फ्लॉपीवर द्यायचा. तीन महिने बघू. जमलं तर कायम. नाही जमलं, तर यंत्र परत इथे, आणि तुलाही इथेच यावं लागेल.”

इथे येणं म्हणजे बाबा पुन्हा एकटे. ते भिंगरी करणार नव्हती. म्हणजे काम जाणार. तीनपैकी दोन महिने सरले होते, आणि डबी अक्षरं गाळत होती.

दुरुस्तीवाल्याने मोडेम उघडला, तपासला, पुन्हा बंद केला. “याला काहीच झालेलं नाही. दोष घरात असणार. मी येऊन बघू?”

“तुम्ही याल? स्वतः? आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो… फार उपकार होतील—”

“उपकार कसले? येतो. दोनच जिने आहेत ना?”

सकाळी दहाला तो आला. बाहेरच्या खोलीत खिडकीशी कॉम्प्युटर, शेजारी फोन. भिंगरीने नंबर फिरवला. पलीकडच्या गावच्या कार्यालयातल्या ताईंचा खणखणीत आवाज आला : “सोडू का?” “सोडा ताई.” बटण दाबलं, शिट्टी वाजली, आणि हिरवी अक्षरं मुंग्यांची रांग निघावी तशी भराभर पडद्यावर चढू लागली. मजकूर एका साप्ताहिकातल्या लेखाचा होता. चौथ्या परिच्छेदात एकदम कंस, टिंबं, डॉलर यांचा चिखल उडाला.

त्याच क्षणी आतल्या खोलीत ‘कट्’ असा आवाज झाला.

त्याने बोट वर केलं आणि आत गेला. पलंगावर बाबा, समोर बुद्धिबळाचा पट, हातात दुसऱ्या फोनचा रिसीव्हर. “आज आमचा फोन शिट्ट्या मारतोय,” बाबा म्हणाले. “घड्याळजींना चाल सांगायची होती. त्यांचा वजीर कोंडलाय मी.”

घड्याळजी म्हणजे बाबांचे जुने स्नेही, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारे. रोज सकाळी दहा ते बारा ते शेजारच्या दुकानातल्या फोनपाशी बसत, आणि दोघं तारेवरून डाव खेळत.

“मास्तर, जरा ठेवा. आता उचला. पुन्हा ठेवा,” दुरुस्तीवाला म्हणाला. प्रत्येक वेळी बाहेर पडद्यावर चिखल उडाला. “सापडला चोर!”

चोर बिचारा ओशाळून हसला.

दोन मिनिटांत आतल्या फोनची तार भिंतीतून निघाली. बाबांनी पटावर हळूच एक रुमाल पसरला. “काही बिघडत नाही,” ते म्हणाले. “तिचं काम मोठं.”

भिंगरीने त्या रुमालाकडे पाहिलं. पण दुरुस्तीवाला तारेची गुंडाळी हातात घेऊन इतक्या आनंदाने बघत होता, की तिने म्हटलं, “किती आभार मानू तुमचे!”

आता खरी गंमत सांगते. चिखल गेला. गाळलेली अक्षरं मात्र परत आलीच नाहीत. पहिल्याच दिवशी भिंगरीच्या ते ध्यानात आलं : शब्दांची डोकी उडालेली, कुठे दोन अक्षरं नाहीत, कुठे एक. पण त्याला पुन्हा कुठल्या तोंडाने सांगायचं? बिचारा भर पावसात आला, दोन जिने चढला, पैसेही घेईना. आणि आता म्हणायचं, की तुमच्या दुरुस्तीने झालं नाही? ती खुर्चीत बसली आणि एकेक भोक बुजवत गेली. छापखान्यात सहा वर्षं काढलेली मुलगी. अर्ध्या शब्दावरून पूर्ण शब्द ओळखणं तिच्या हातचा मळ होता. संध्याकाळपर्यंत मजकूर चकचकीत झाला.

तिसऱ्या दिवशी तो आला. “बरं आहे ना आता?”

“हो, अगदी छान!” आणि तिने तो चकचकीत मजकूर दाखवला.

तो खुश झाला. तो खुश झाला की त्याच्या कपाळावरची एक बट उगाच वर उडे, हे भिंगरीला त्या दिवशी कळलं. आणि हे आपल्याला का कळावं, या विचाराने ती चहा करायला आत पळाली.

“खात्री करून घेऊ,” तो म्हणाला. “दुपारी मी दुकानातून फोन लावतो. माझ्याकडेही मोडेम आहे. मी टाइप करतो, तुम्ही बघा काही हरवतंय का.”

दुपारी तीनला फोन वाजला. शिट्टी झाली. आणि मग हिरवी अक्षरं आली, एकेक करून, हळूहळू, कुणी जपून पावलं टाकत यावं तशी.

‘पोहोचतंय का?’

‘पोहोचतंय,’ तिने टाइप केलं.

‘सगळं?’

‘सगळं. तुम्ही दोन बोटांनी टाइप करता वाटतं.’

‘कसं ओळखलं?’

‘इतका वेळ लागतोय. मध्ये मी भात लावून आले.’

मग : ‘उद्या एका बोटाने करणार होतो. म्हणजे जास्त वेळ लागला असता…’

भिंगरीने दोन्ही हात गालांवर ठेवले. बघायला कोणी नव्हतं तरी.

उद्या, परवा, तेरवा. खात्री करून घेण्याचं काम फारच लांबलं. तीनचा फोन वाजला की बाबा आतून म्हणत, “डॉक्टर आले वाटतं तपासायला.” ती हसे. छापखान्यात फ्लॉपी द्यायला जाताना ती वाटेत त्याच्या दुकानात चहाही पिऊन येई. पडद्यावरून तिला कळलं, की तो या गावात एकटाच राहतो, दुकानामागच्या खोलीत. त्याला कळलं, की ती गाते, पण कुणी ऐकत नसेल तेव्हाच. एकदा त्याने लिहिलं, ‘तुम्ही रोज शेवटी थँक्यू लिहिता. एक दिवस दुसरं काहीतरी लिहा ना.’ तिची बोटं की-बोर्डवर कितीतरी वेळ नुसती ठेवलेली राहिली. शेवटी तिने लिहिलं, ‘उद्या लिहीन.’ आणि उद्या काही तिला धीर झाला नाही.

आणि त्याच्या टाइप केलेल्या मजकुरातलं एकही अक्षर कधी हरवलं नाही. पलीकडच्या ताईंचं मात्र रोज हरवे, आणि रोज दुपारपर्यंत ती भोकं बुजवी. आत पटावरचा रुमाल तसाच होता. बाबा पुस्तक उघडून बसत. पान उलटत नसत.

पंधरा दिवसांनी, मंगळवारी, छापखान्याच्या बाईंचा फोन आला. “मोठं काम आलंय. बसगाड्यांचं वेळापत्रक, सहा हजार ओळी. उद्या आणि परवा येतील. शुक्रवारी दुपारी फ्लॉपी हवी. आणि भिंगरी, यात एक आकडा चुकला तर माणसं भलत्या गाडीची वाट बघत ताटकळतील. हे झालं, की तुझं घरचं काम कायम. नाही झालं… तर मला काही म्हणू नकोस.”

त्याच सकाळी ताईंनी नमुन्यादाखल दोन पानं सोडली. प्रत्येक ओळ गाडीच्या क्रमांकाने सुरू होणार होती, चार आकडी. पडद्यावर आले दोन आकडी. सोळा. ब्याऐंशी. सोळा. तीस. पुन्हा सोळा.

शब्द ओळखता येतो; आकडा कसा ओळखणार? तो सोळा नेमका कुठल्या क्रमांकाचं शेपूट? झाकली मूठ आता उघडणार होती. तिने फोन उचलला, आणि पहिल्यांदाच त्या पंधरा दिवसांत त्याला खरं सांगितलं : “तुम्ही या. अक्षरं अजून गळतायत.”

तो अर्धा तास पडद्यावरची एकेक ओळ वाचत बसला. भिंगरी मागे उभी. शेवटी त्याने विचारलं, “हे कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“मी विचारायचो तेव्हा?”

“मी… भरून काढायचे.”

“म्हणजे मला जो मजकूर दाखवला—”

“तो बुजवलेला होता.”

त्याने मान हलवली. चिडला असता तर बरं, असं तिला वाटलं. “हे बघा,” तो पडद्यावर बोट ठेवत म्हणाला. “प्रत्येक ओळीची पहिली दोन अक्षरं. फक्त पहिली दोन. लेखाच्या मजकुरात हे दिसलं नाही, कारण लिहायचा प्रोग्राम परिच्छेद आपल्या मापाने नव्याने मांडतो. भोकं इकडे-तिकडे विखुरतात. पण तरीही, एक कच्चं पान मला दाखवलं असतंत, तर मला कळलं असतं. तारेत गडबड असली की एका अक्षराचं दुसरंच होतं. चिखल होतो. अक्षर नाहीसं होत नाही. नाहीसं झालं, तर तार निर्दोष. घेणारा दुसऱ्या कामात गुंतलेला असतो.”

“घेणारा म्हणजे?”

“हा,” त्याने कॉम्प्युटरवर टिचकी मारली. “ओळ संपली की हा सगळा पडदा एक ओळ वर सरकवतो. त्यात गुंतला की पुढची दोन अक्षरं येऊन निघून जातात. सेकंदाला एकशेवीस अक्षरं येतायत, त्याच्यासाठी कोण थांबणार? मी हाताने टाइप करायचो, सेकंदाला तीन. मग कसं हरवेल! काय तपासत होतो मी पंधरा दिवस…” तो थांबला. आतल्या खोलीच्या दाराकडे बघत हळू म्हणाला, “आणि चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.”

भिंगरीला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं.

पण रडायला वेळ नव्हता. त्याने ताईंना फोन लावला, दोन्हीकडे वेग कमी करायला लावला, सेकंदाला तीस अक्षरं. पुन्हा दोन पानं आली. सगळे आकडे जागच्या जागी! भिंगरी टाळ्या वाजवणार, एवढ्यात ताईंचा आवाज आला, “या गतीने तीन तास लागतील हो! मला ही लाइन रोज एकच तास मिळते. शुक्रवार उजाडेल.”

त्याने कागद-पेन्सिल पुढे ओढली. आणि मग त्याची ती बट उडाली. “ताई, तुमच्या मशीनला सांगता येईल का, की प्रत्येक ओळ संपली की तीन रिकामी अक्षरं सोड? ज्यांचा काही अर्थ नाही, अशी?”

“येतं की! जुन्या प्रिंटरसाठी ती सोय असते. छापणारा गाडा ओळीच्या सुरुवातीला परत जाईपर्यंत थांबायला.”

“तीच हवी. वेग परत पहिल्यासारखा करा. हा पडदा सरकवेपर्यंत ती तीन रिकामी येऊन हरवू देत. खरी अक्षरं मागून येतील.” त्याने कागदावर आकडेमोड केली. “सहा हजार ओळींना मिळून अडीच मिनिटं जास्त लागतील. फक्त अडीच मिनिटं.”

बुधवारी अर्धं वेळापत्रक आलं, गुरुवारी उरलेलं. भिंगरी डोळ्यांत तेल घालून ओळ न् ओळ तपासत होती. एकही आकडा गळला नव्हता. शुक्रवारी सकाळी दहा वाजताच तिने फ्लॉपी छापखान्यात दिली, आणि बाईंनी ड्रॉवरमधला तो राजीनामा काढून तिच्यासमोर फाडला. भिंगरी त्यांच्या पाया पडली, आणि मग तिथेच स्टुलावर बसून पोटभर रडली.

घरी आली तेव्हा आतल्या खोलीतून बाबांचा आवाज ऐकू येत होता. “नाही घड्याळजी, उंट हलवलात तर मेलात!” फोन परत लागला होता. शेजारी एक इवलासा तांबडा दिवा बसवलेला. “मोडेम चालू असला की हा लागतो,” बाबांनी सांगितलं. “विझला की मी बोलायचं. तो येऊन गेला. माझी माफी मागितली पोराने, हात जोडून.”

“माफी मी मागायला हवी बाबा. मला कळत होतं तुम्हाला करमत नाही ते.”

“मग मीच कुठे बोललो? काही बिघडत नाही म्हणालो. घराणंच आपलं तसलं.” बाबांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. “पण तो जरा उदास दिसला. विचार त्याला.”

विचारायला तो आला तर पाहिजे! शनिवार गेला. रविवार गेला. तीन वाजायचे आणि फोन गप्प. सोमवारी भिंगरीने मोडेमकडे पाहिलं, तो सुरळीत चालत होता, आणि तिला त्याचा मनापासून राग आला. मंगळवारी दुपारी तिने छत्री उचलली.

दुकानाचं दार उघडं होतं. तो एका रेडिओच्या पोटात तोंड घालून बसला होता.

“आभार मानायला आलात?” त्याने मान न उचलता विचारलं. “ते पोहोचले.”

“नाही. भांडायला.”

आता मान उचलली गेली.

“तुम्ही चार दिवस आला नाहीत. फोन नाही.”

“बिघाड संपला ना.”

“एवढंच?”

त्याने हातातलं अवजार खाली ठेवलं. बाहेर पाऊस वाढला होता, आणि तो जे बोलत होता ते इतक्या हळू, की तिला दोन पावलं पुढे यावं लागलं. “मला तुम्हाला एक विचारायचं होतं. बऱ्याच दिवसांपासून. आता धीर होत नाही. तुम्ही समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून भोकं बुजवता… इतक्या सफाईने, की मला पंधरा दिवस पत्ता लागला नाही. मी विचारलं असतं, आणि तुम्ही हो म्हणाला असता. आणि मग मी जन्मभर मनात म्हणत बसलो असतो, यात हिचं किती आणि आभाराचं किती.”

खोटं काहीच नव्हतं त्यात. तिने छत्री कोपऱ्यात उभी केली आणि पदर खोचला.

“ऐका मग. तुमच्या दुकानातला चहा बेचव असतो. मी तीनदा छान म्हणाले.”

“काय?”

“तुम्ही तोंडात घास असताना बोलता. मला आवडत नाही. बाबांची तार काढलीत तेव्हा मला तुमचा राग आला होता. त्यांना एका शब्दाने विचारलं नाहीत. माझा त्याहून जास्त आला, कारण मी गप्प बसले. तुमचे विनोद मला कळतात, पण सगळेच काही हसण्यासारखे नसतात.”

“सगळेच नसतात?”

“निम्मे.” ती थांबली नाही. “आणि शेवटचं. बाबांना सोडून मी कुठेही राहायला जाणार नाही. माणूस कितीही आवडलेला असला तरी नाही. हे आधीच सांगते. नंतर दडवलं म्हणू नका. झालं. आता विचारा काय विचारायचं ते.”

तो उभा राहिला. गुडघ्यावरचे चार-पाच स्क्रू खाली सांडले. त्याने बघितलंही नाही.

“माझ्याशी लग्न कराल?”

तिने खरोखर विचार केला, आणि त्या वेळात त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. तिला तीन वाजायची वाट बघणारी आपली दुपार आठवली. चार दिवसांची शांतता आठवली. मोडेम सुरळीत असूनही फोन वाजावा असं वाटणं आठवलं. त्यात आभार कुठेच नव्हते. ते होते, खूप होते, पण ते दुसरीकडे बसलेले होते, शहाण्या पाहुण्यासारखे.

“हो,” ती म्हणाली. “आणि हे ‘हो’ माझं आहे. तुम्ही काही दुरुस्त केलं नसतंत ना, काम गेलं असतं ना, तरी हेच म्हटलं असतं. फक्त रडत म्हटलं असतं.”

“आत्ताही रडताच आहात.”

“असू दे. पण बाबांचं—”

तो एकदम ओशाळला. मानेमागे हात नेऊन म्हणाला, “त्यांना मी विचारलंय. शुक्रवारी, फोन जोडायला गेलो तेव्हा. तार न विचारता काढली होती, म्हटलं या वेळी आधी विचारावं. मी म्हणालो, मास्तर, ती हो म्हणाली, तर मी इथे येऊन राहिलो तर चालेल का? तुमच्याजवळ? मला या गावात स्वतःचं कुणी नाही.”

“आणि?” भिंगरी आणखी एक पाऊल पुढे आली. “काय म्हणाले बाबा?”

“म्हणाले, ती नाही म्हणाली तरी तू येत जा.”